कॉम्पेअर म्हणजे कोण?

(कार्यक्रम नुकताच संपलाय. रंगमंचामागची मेकअपची खोली. निवेदन करून आलेली मुलगी आणि तिचे सावत्र वडील. त्यांना ती काका म्हणते.)

मुलगी : पण तुम्ही आला का नाहीत, काका? गायिकेची गाडी वाटेत बंद, पडदा उघडलेला, हॉल खच्चून भरलेला, आणि मी एकटी!

काका : आयोजक मला ओढतच होता. 'पोर तोंडघशी पडेल, जुने निवेदक तुम्ही, माइक घ्या.' त्याला बाहेर नेलं नि दाराला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, कार्यक्रम तिचा आहे.

मुलगी : म्हणजे काहीच ऐकलं नाहीत?

काका : आधी हसणं ऐकलं. मग चिडीचूप. आणि मग टाळ्या! थांबेनातच. आयोजकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काय सांगितलंस गं?

मुलगी : किस्से संपले. बघते तर बोर्डावर माझ्या नावापुढे 'कॉम्पेअर'. विचारलं, अर्थ ठाऊक आहे का कोणाला? एक आजोबा ओरडले, तुलना करणारी!

काका : मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

मुलगी : मग सांगितलं. शब्द मूळचा फ्रेंच. 'कॉम' म्हणजे सोबत, 'पेअर' म्हणजे बाप. बाळाचं नाव ठेवताना बापाशेजारी उभा राहून त्याची जबाबदारी घेणारा. जोडीचा बाप. पुढे अर्थ झाला साथीदार, आणि मग कार्यक्रम हाताला धरून नेणारा निवेदक.

काका : सारा जन्म हे बिरुद मिरवलं, नि अर्थ आज कळतोय!

मुलगी : पुढे ऐका. म्हटलं, बाबा गेले तेव्हा मी एवढीशी. नंतर घरात आलेल्या माणसानं बाबांचा फोटो हलवला नाही, रोज त्याची काच पुसली. मला बोलायला शिकवलं, आडनाव मात्र बाबांचंच राहू दिलं. खरा कॉम्पेअर तो. मी त्याची मुलगी.

काका : (खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात.)

मुलगी : अख्खा हॉल उभा राहिला, काका! गायिका आली तरी कोणी बसेना.

काका : पोरी...

मुलगी : पण 'बाबा म्हण' म्हणाल, तर ते नाही जमायचं हं. जीभच वळत नाही.

काका : नकोच. तुझी आई इतकी वर्षं नुसतं 'अहो' म्हणते, माझं काही अडलंय? एक कर. ते सगळं पुन्हा सांग. पहिल्यापासून.

मुलगी : इथे? माइकशिवाय?

काका : समोर मी बसलोय ना.