दसऱ्याचं कुंकू आणि आमची स्नोमोबील

आमच्या स्नोमोबीलचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? मिनेसोटात हिवाळा आला की निखिल, म्हणजे माझा नवरा, ती बर्फावरची गाडी घेऊन गोठलेल्या तळ्यावर हिंडतो. तिचा बराचसा भार खालच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या रेलवर, म्हणजे लांब दांड्यांवर असतो. त्यातल्या एकाला तडा गेला.

मी म्हटलं, "दोन्ही नवे घाल."

"एवढ्याशा तड्याला? वेल्डिंग करतो. दुसरा तर ठणठणीत आहे."

यावरून आठवडाभर आमचं वाजलं. तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे कार, लॉनमोवर, सगळ्यांची पूजा होते. स्नोमोबील धुऊन गराजमध्ये आडवीच ठेवलेली होती, म्हणून मी त्या ठणठणीत रेललाच कुंकवाचं बोट लावलं. कुंकू पातळ झालं होतं, ते ओघळलं. निखिलने लगेच फडक्याने पुसलं. सगळं गेलं, पण एक बारीक लाल रेघ काही जाईना.

तो वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा पण गेलाय गं. कुंकू तड्यात शिरलंय."

"मग?"

"दोन्ही नवे."

तळ्याच्या मधोमध तुटला असता तर? मी देवीला हात जोडले, हुश्श केलं आणि करंडा उचलला.

"तो राहू दे इथेच," निखिल म्हणाला. "कार बघायची राहिलीये."