वेंडेलचा वाढदिवस

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावच्या पार्कात जुन्या लाकडी रोलर कोस्टरची रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिची सून.

“कॉलीन, वेंडेल असता तर आज चाळिशीचा झाला असता.”

“हो, आई.”

“पहिल्या उताराला दोन्ही हात वर करायचा. आवर गं तुझ्या नवऱ्याला, असं मी ओरडायचे.”

“मी काय आवरणार? माझेही हात वरच असायचे.”

“तो गेल्यापासून पाच वाढदिवस आपण दोघीच येतोय.”

“आई, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“लग्न करतेयस. बेकरीवाली बोलली मला.”

“मीच सांगणार होते. धीरच होईना.”

“चांगला आहे ना माणूस?”

“खूप चांगला आहे. पण त्याची नोकरी ओरेगॉनला आहे. ऑक्टोबरात जाऊ आम्ही.”

“अगं बाई! एवढं नव्हतं सांगितलं तिनं.”

“पुढच्या वर्षी विमानानं येईन की.”

“नको. त्याला काय वाटेल? आता त्याच्या आईला आई म्हणायचं.”

“त्याची आई नाही हो.”

“असती तर म्हणालीच असतीस ना? मग मी तुझी कोण?”

तेवढ्यात गाडी आली. दोघी पहिल्या बाकावर बसल्या, मी त्यांच्या मागे. मांडीवरचा दांडा खाली आला आणि खडखडत गाडी चढाला लागली.

“सांग ना. कोण लागते मी तुझी?”

गाडी पार माथ्यावर पोचली.

“कॉलीन, मी विचारतेय.”

“आई, घट्ट धरून बसा. उतार आला.”