लाड करणारं माणूस

दाताच्या दवाखान्यातला पंखा इतका संथ फिरत होता, की विणता विणता आईचा डोळा लागला. शेजारी तिची लेक बसली होती. मागच्या बाकावर, तरुण मुलामुलींची आरोग्य पाहणी करणाऱ्या दोघीजणी बोलत होत्या. त्यांचं बोलणं आईला पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं.

"ताई, कुणी त्रास देतं का विचारलं, की मुलं साफ नाही म्हणतात."

"म्हणणारच. तसला माणूस आधी त्रास कुठे देतो? आधी जीव लावतो."

"मग विचारायचं काय?"

"सगळ्यात जास्त लाड कोण करतं? आणि घरी सांगू नकोस, असं कोण म्हणतं?"

"सांगतात?"

"डोळ्यांत बघून विचारलंस तर मूग गिळून बसतात. शेजारी बसायचं, त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यायचं."

"आणि सांगितल्यावर?"

"आपण किंचाळायचं नाही बाई. तेच अवघड जातं."

आईने डोळे उघडले. लेकीच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. मैत्रिणीने दिलंय, म्हणाली होती.

"ही लोकर धर गं. जरा गुंता सोडव."

"दे."

"घड्याळ छान आहे. कोण गं एवढे लाड करतं तुझे?"

लेकीची बोटं थांबली. मग हळूहळू पुन्हा चालू लागली.

"आई, ओरडणार नाहीस ना?"

"नाही गं."

"चला, पुढचे कोण?" आतून हाक आली.

आईने सुयांवरची नजर काढली नाही.

"दुसऱ्यांना घ्या. आम्हाला काही घाई नाही."