वाळक्या निलगिरीला खेटून

(ऑस्ट्रेलियातल्या एका गावचं फुटबॉल मैदान. शुक्रवारची दुपार. वाळक्या निलगिरीला खेटून एक गाडी. आत तान्ह्या एल्सीला मांडीवर घेऊन ब्रॉन्टी. खिडकीशी तिचे वडील, क्लबचे अध्यक्ष मर्व्ह. मागे झाड पाडायला करवत घेऊन आलेला कॉल.)

मर्व्ह : काढ गाडी. कॉल करवत घेऊन ताटकळलाय.

ब्रॉन्टी : हळू बोल बाबा, आत्ता कुठे डोळा लागतोय हिचा. आणि गाडी निघणार नाही.

मर्व्ह : अख्खं मैदान मोकळं पडलंय, तुला या मढ्यालाच खेटायचं होतं?

ब्रॉन्टी : उद्या सामना आहे. शुक्रवारी ज्यानं जिथे गाडी लावली, ती शेवटच्या भोंग्यापर्यंत कुणी हलवायची नाही. नियम कुणाचा?

मर्व्ह : माझा. पण तो गाडीत बसून सामना बघणाऱ्यांसाठी! इथून तुला गोल तरी दिसणार आहे का?

ब्रॉन्टी : नियमात तसं काही नाही.

मर्व्ह : अगं, कंपनीला हीच जागा हवीय. सकाळपर्यंत इथे त्यांचा थंड पेयांचा ठेला उभा राहिला नाही, तर करार मोडला. पोरांच्या नव्या जर्सी गेल्या.

ब्रॉन्टी : जाऊ देत. जुन्या मी शिवून देते. त्यांच्या एकेका डब्यात दहा-दहा चमचे साखर! एल्सीच्या दुधात मी एक चमचा घातला असता, तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

मर्व्ह : मग तू पोरांना पाणी पाज. झाडाचं काय? खडखडीत वाळलंय, औषधाला पान नाही.

ब्रॉन्टी : ढोल्या आहेत ना! असली ढोली पडायला शंभर वर्षं जातात. आत शुगर ग्लायडरचं, त्या उडत्या खारींसारख्या इवल्या जिवांचं, अख्खं घर एकमेकांच्या कुशीत झोपलंय. रात्र झाली की याच फांदीवरून झेपावतात.

मर्व्ह : लाकडी पेटी ठोकून देतो म्हटलं ना त्यांना.

ब्रॉन्टी : जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात तू बसून दाखव त्या पेटीत.

मर्व्ह : माझा जीव नाही त्यांच्यावर? रोज माझ्या थंड पेयाच्या डब्यातलं उरलेलं बशीत ओतून ठेवतो मी.

ब्रॉन्टी : ठाऊक आहे. परवा त्या बशीपाशी एक सापडलं. अंग चिकट, मुंग्या लागलेल्या. मी धुतलं. बाभळीचा डिंक चाटणारी जात ती, बाबा. तुझा डबा नको त्यांना.

मर्व्ह : जगलं?

ब्रॉन्टी : चढलं वर. याच ढोलीत.

मर्व्ह : ...हे बघ, गाडी ओढून काढायला लावीन.

ब्रॉन्टी : लाव. नात मांडीवर आहे. तुझाच नियम, तूच मोड, गावादेखत.

मर्व्ह : आईवर गेलीस अगदी.

ब्रॉन्टी : आई म्हणते, तुझ्यावर.

मर्व्ह : कॉल! ठेव ती करवत. माझ्या ट्रकची किल्ली टाक इकडे.

ब्रॉन्टी : ओढणार?

मर्व्ह : झाडाची पलीकडची बाजू उघडीच ठेवलीस, वेडे. तिथे मी लावतो.