यमूआत्या कॉलेजची चौकशी करते

मंडळी, ऐका. आज देवाच्या दारात कीर्तनाला जरा अडचणीचा प्रश्न घेऊन उभा आहे. विद्या घ्यावी, हे सगळेच सांगतात. पण कर्ज काढून घ्यावी का? आणि काढायचं तर किती? — आमचे पेटीवाले अनंतराव हसताहेत बघा. त्यांचा मुलगा बारावीला आहे. हसू द्या, पुढच्या वर्षी नाही हसणार.

तर एका गावात दिगंबर पेठकर नावाचा गृहस्थ. पिठाची गिरणी चालवायचा. मुलगी एकच, स्वरूपा. बारावी झाली आणि तिनं घरात जाहीर केलं, "मी क्रिमिनल जस्टिसची पदवी घेणार."

"म्हणजे काय गं?"

"गुन्हा कसा घडतो, तपास कसा करायचा, कोर्टात तो टिकवायचा कसा, सगळं शिकवतात बाबा. मला फौजदार व्हायचंय."

बापाची छाती फुगली. मग त्यानं फी विचारली, आणि फुगलेली छाती बसली. नऊ लाख! अहो, गुन्हेगार पकडायला शिकायचे नऊ लाख? गुन्हेगार व्हायलासुद्धा एवढा खर्च येत नाही हो.

बँक म्हणाली, देतो कर्ज, गिरणी तारण ठेवा. आता लक्षात घ्या, त्या गिरणीवर घर चालत होतं. हप्ते थकले तर गिरणी जाणार. दिगंबर रात्ररात्र कूस बदलायचा, पण सकाळी उठून म्हणायचा, "करतो सही." लेकीला नाही कसं म्हणायचं? बापांचं असंच असतं की नाही?

अशात आली त्याची थोरली बहीण, यमूआत्या. हिची ख्याती कशात? स्थळाची चौकशी करण्यात! कुणाचं लग्न ठरायचं असलं की आधी बोलावणं आत्याला. ती नवऱ्या मुलाला काही विचारायचीच नाही. दूधवाल्याला विचारायची, शेजारणीला विचारायची. आणि त्या घरात थोरली सून असली, की तिच्याशेजारी मेथी निवडायला बसायची. मेथी निवडून होईस्तोवर त्या घराची सगळी खबर आत्याच्या पदरात.

तिनं भावाला विचारलं, "दिगू, कॉलेजची चौकशी केलीस?"

"माहितीपत्रक बघितलं अक्का. गुळगुळीत कागद आहे."

"माझं लग्न ठरवताना आप्पांनी कागद बघितला होता का? आठ माणसं गेली होती. स्वरूपा, चप्पल घाल."

गेल्या दोघी शहरात. थंडगार ऑफिस. चहाबरोबर बिस्किटं आली, तेव्हाच आत्याला संशय आला. समोर टाय लावलेला एक मुलगा, कौस्तुभ. बोलायला लागला, "शंभर टक्के नोकरी, मावशी. सुरुवातच पस्तीस हजारांनी."

आत्याचं तिकडे लक्षच नाही. "गाव कुठलं बाळा? वडील काय करतात?"

"टेम्पो होता त्यांचा. विकला."

"का रे?"

कौस्तुभनं बिस्किटांची बशी पुढं सरकवली. आत्यानं भिंतीकडे बघितलं. तिथं सत्काराचा हार गळ्यात घातलेल्या, हसऱ्या मुलाचा मोठा फोटो.

"अरे, हा तूच की!"

"हो. पहिल्या तुकडीत पहिला आलो होतो."

"म्हणजे तू या घरातली थोरली सून! मग नोकरी कुठं लागली?"

"इथंच."

झांजवाले, जरा थांबा. मंडळी, कळलं का? तपास शिकलेला, पहिला आलेला मुलगा तपास कशाचा करतोय? तर पुढच्या गिऱ्हाइकाचा!

आता स्वरूपा पुढं सरकली. फौजदारासारखी सरळ बसली. "दादा, पगार किती?"

त्यानं दाराकडे बघून आवाज खाली घेतला. "अठरा हजार."

"आणि कर्जाचा हप्ता?"

"बारा. खोलीचं भाडं चार. एक प्रवेश आणला की पाच हजार वर मिळतात, त्यावर भागतं."

"म्हणजे मी नाव घातलं, तर पाच हजार तुम्हाला. मग हे मला कशाला सांगताय?"

"कारण तू विचारलंस. इथं येणारा प्रत्येक जण फी विचारतो. पगार आजवर कुणी विचारला नाही. मीही नव्हता विचारला." मग हळूच म्हणाला, "फौजदाराच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, ताई. गावातल्या कॉलेजात बीए केलंस तरी बसता येतं. मला ते फार उशिरा कळलं."

स्वरूपाला त्याचा राग यायला हवा होता. तिला रडू आलं. आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी उठल्या.

घरी दिगंबर दारातच उभा. "काय झालं?"

"स्थळ मोडलं," आत्या म्हणाली.

दिगंबरनं डोळे पुसले, आणि वर म्हणतो काय, डोळ्यात पीठ गेलं. त्या दिवशी गिरणी बंद होती हो!

स्वरूपा गावातच बीए झाली. फौजदार झाली का, विचाराल. अजून नाही. एकदा नापास झाली, परत बसलीय. पण नापास झाली त्या दिवशीही गिरणी चालू होती, आणि तिच्या बापाला रात्री झोप लागली. तिकडे कौस्तुभला मात्र त्या महिन्याचा हप्ता उसने घेऊन भरावा लागला. खरं बोलण्याची किंमत त्यानं खिशातून दिली, मंडळी. मोठा माणूस.

आता तुमच्याकडे वळतो. चुळबुळ करू नका. मुलीचं स्थळ बघायला जीप भरून जाता. गोठ्यात शिरून त्यांच्या म्हशी बघून येता. आणि लेकराच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकताना, त्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या एका तरी पोराला कुणी विचारलं, की बाबा रे, तुझं पुढं काय झालं? ज्यानं विचारलं त्यानं हात वर करा.

कुणीच नाही?

बरं. असा एखादा मुलगा तुमच्याच आळीत असेल. पदवी घेऊन आलाय आणि लोकांना टाळून मागच्या बोळातून जातो. उद्या त्याला घरी बोलवा, पोटभर जेवू घाला आणि मग विचारा. त्याची चेष्टा केलीत तर पुन्हा माझ्या कीर्तनाला येऊ नका. आणि तो खरं बोलला, तर हरी तुमच्या पंगतीला बसून जेवला असं समजा. घ्या हरीचं नाव, आणि उठा.