किसनमामांनी थांबवलेली पॅसेंजर

जमलेल्या सगळ्या मावश्यांनो, काकांनो, रूळ दुरुस्तीच्या गँगमधल्या मामांनो, जय भीम. एरवी मला रेल्वेवर बोला म्हणलं तर मी तासभर थांबत न्हाई. आज समोर किसनमामांचा फोटो हाय, आज त्यांच्यावर बोलायचंय. त्यात मी इंग्लिश मीडियमचा. मराठी चुकली तर सांभाळून घ्या.

उदगीरकडची आपली ही सिंगल लाईन निजामाच्या काळातली. मामा तिच्यावर कीमन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, काखेत झेंड्या, आन् पायी पायी सगळा रूळ बघत जायचं. रूळ पकडून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकायची. मी इंजिनचे फोटो काढत असायचो. मामा म्हणायचे, "इंजिन काय बघतूस बे? ते कुणीबी बघतंय. खाली बघ. रूळ बघ."

रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिली होती, तेव्हा एका थंडीत मामांना जोडापाशी रूळ तुटलेला दिसला. पॅसेंजर यायची वेळ. मामा गाडीच्या दिशेनं पळाले. त्या वयात! ड्रायव्हरला इशारा म्हणून रुळावर फटाके बांधले, लाल झेंडी धरली. गाडी थांबली. कोण होतं त्या गाडीत? सुमनमावशी, तुम्हीच होता ना? लातूरला, दवाखान्याला?

बक्षीस काय मिळालं मामांना? चार्जशीट! काहून? कारण आठच दिवसांआधी आपल्या सेक्शनच्या साहेबांनी तो रूळ तपासला होता. कागदावर. ट्रॉलीवरून खाली उतरलेच न्हाईत. 'सगळं ठीक', सही. मग रूळ तुटला कशानं? मामांच्या हातोड्यानं, म्हणे.

साहेब म्हणले, "कागद मिळाल्याची सही कर, बस." मामांनी केली. कागद इंग्लिशमध्ये. साहेबाला 'वाचून दाखवा' म्हणायचं नसतंय, गँगमध्ये हेच शिकवलेलं. संध्याकाळी त्याची कॉपी घेऊन माझ्याकडं आले. "तू इंग्रजी शाळंचा. वाच की."

मी वाचलं. 'चूक माझीच हाय, मला मान्य हाय.'

"पुन्हा वाच," म्हणले.

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं न्हाई.

तो डाग घेऊनच मामा रिटायर झाले, आन् तो डाग घेऊनच गेले. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. फेटाळला. पुन्हा केला. परवा ड्रायव्हरचा त्या दिवशीचा रिपोर्ट आला. परवा! मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी. त्यात लिहिलंय, तडा जुना, आतून गंजलेला. कीमननं गाडी वाचवली. हा कागद पहिल्यापासून साहेबांच्या फायलीत होता.

शोकसभेत असं बोलू नये? मामी, तुम्ही मान खाली घालू नका. मला शांती नकोय. मला बदला पायजे. उद्यापासून हा रिपोर्ट या लाईनच्या एकेका स्टेशनबाहेर लागणार. मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत. फाडला तर पुन्हा लावीन. साहेबांच्या गेटसमोर तर रोज लावीन. मामांची चार्जशीट रद्द होऊन साहेबांच्या नावानं निघत न्हाई, तोवर त्यांना सुखाचा चहा पिऊ देणार न्हाई.

आन् साहेब आलेत बरं का आज. हे काय, पहिल्या रांगेत, मांडीवर हार घेऊन. साहेब, तो हार परत न्या. मामी घेणार न्हाईत.

मामा, तुम्हाला शेवटचा जय भीम.

आता सगळ्यांनी उठा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीबी, शेजारच्याला धरून. दोन मिनिटं मामांसाठी शांत उभं राहू.

तुम्ही न्हाई, साहेब. तुम्ही बसून रहा.