पायाशी ठेवलेल्या गोळ्या

बरखेड्यातल्या कंपनीच्या दवाखान्याच्या रांगेत उषाताई मुलाच्या फिट्सच्या गोळ्यांसाठी उभ्या होत्या. पुढे फिलोमीना आणि तिची शेजारीण सुमित्रा बोलत होत्या.

"मार्टिनभाऊंचं नाव घरच्यांच्या मेडिकल बुकातून काढलंस?" सुमित्राने विचारलं.

"त्यालाच आलेय. यांच्या मृत्यूचा दाखला आणलाय."

"हार्टच्या गोळ्या त्या फादरनीच बंद करायला लावल्या ना?"

"बंद करा असं नाही म्हणाले. मरियामाता जिथे दिसते, तिथे तिच्या पायाशी ठेवा म्हणाले. यांनी महिन्याभराच्या सगळ्या ठेवल्या."

"बिशपनी हलवलं म्हणे फादरना."

"हलवलं. माणसं तरी त्या जागी जातातच."

"तू?"

"मीही जाते. दिसली तर विचारायचंय तिला."

खिडकीतून मिळालेल्या गोळ्या उषाताईंनी पर्समध्ये टाकल्या आणि फिलोमीनाला बाहेर गाठलं.

"अहो, ती जागा नेमकी कुठे आहे?"